पाळीव उंदरांचा परिचय आणि माद्यांमधील गाठींचा प्रतिबंध

वडोदऱ्याच्या मराठी घरांतून भाद्रपदात श्रीगणेशाबरोबर त्याच्या मूषकाचीही पूजा होते. मात्र त्याच घराच्या कोठीत उंदीर दिसला की सापळा लावला जातो. १८९६ साली मुंबईत आणि १९९४ साली सुरतेत उद्भवलेल्या प्लेगचे स्मरण ठेवल्यास ही भीती निराधार म्हणता येणार नाही. तथापि कोठीतील उंदीर, शेतातील घूस आणि पिंजऱ्यात पाळलेला पांढरा अथवा ठिपकेदार उंदीर यांत भेद केला पाहिजे. पाळीव उंदीर हा पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या सहवासात वाढलेला प्राणी होय. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्रयोगशाळांतून त्याच्यावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. प्राणिविक्रीच्या दुकानांसंबंधी २०१८ साली झालेल्या केंद्रीय नियमांत पाळीव प्राण्यांच्या व्याख्येतही त्याचा समावेश आहे. अशा प्राण्याची जबाबदारी ज्यांनी स्वीकारली आहे, त्यांच्यासाठी दोन महत्त्वाच्या बाबींची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

गाठी का होतात?

पाळीव उंदराचे आयुष्य साधारणतः दोन ते तीन वर्षांचे असते. मादी दीड वर्षाची होते न होते तोच तिच्या काखेत, गळ्याखाली किंवा जांघेत गाठ हाताला लागते, असा अनुभव अनेकांना येतो. उंदराच्या मादीमध्ये स्तनग्रंथींचे ऊतक मानेपासून जांघेपर्यंत पसरलेले असते. त्यामुळे गळ्याखालची गाठही बहुधा स्तनाचीच असते. यांतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु त्या झपाट्याने वाढतात, चालण्यास अडथळा करतात, त्यांवरील त्वचा घासून जखम होते आणि प्राणी खंगत जातो. गाठ काढून टाकता येते. मात्र दुसऱ्या ठिकाणी नवी गाठ उद्भवण्याचा संभव राहतो.

या गाठींच्या वाढीस अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून स्रवणारे प्रोलॅक्टिन ही हॉर्मोने कारणीभूत होतात. इस्ट्रोजेनमुळे पोष ग्रंथीही उत्तेजित होते. म्हणून अंडाशये वेळीच काढून टाकल्यास दोन्ही कारणांना आळा बसतो. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सुमारे ९० दिवसांच्या वयात अंडाशये काढलेल्या माद्यांपैकी शेकडा ४ माद्यांनाच स्तनाच्या गाठी झाल्या. शस्त्रक्रिया न केलेल्या माद्यांत हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. पोष ग्रंथीच्या गाठींचे प्रमाणही घटल्याचे त्यात दिसून आले.

शस्त्रक्रिया केव्हा व कशी?

तीन ते सहा महिन्यांचे वय या शस्त्रक्रियेस योग्य समजले जाते. वय वाढत जाते तसा लाभ कमी होतो आणि भुलीचा धोका वाढतो. गाठ दिसल्यावर विचार करू, असे म्हणणाऱ्याने प्रतिबंधाची संधी बहुतांशी गमावलेली असते.

एवढ्या लहान प्राण्यास भूल देण्याचा सराव प्रत्येक पशुवैद्यास असतोच असे नाही. म्हणून तशी चौकशी आधी करावी. वडोदऱ्याच्या रहिवाशांना जवळच आणंद येथे १९६४ पासून असलेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात, तर मुंबईकरांना परळच्या महाविद्यालयात मार्गदर्शन मागता येईल. उंदरास उलटी होत नाही. त्यामुळे कुत्र्याप्रमाणे त्याला रात्रभर उपाशी ठेवण्याची गरज नसते. उलट दीर्घ उपासाने तो अशक्त होतो. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्या शरीराची उष्णता लवकर घटते, तेव्हा त्यास उबदार ठेवावे लागते. नंतर काही दिवस भुशाऐवजी स्वच्छ कागद किंवा कापड अंथरावे, उंच चढण्याच्या वस्तू काढून ठेवाव्यात आणि टाके कुरतडले जात नाहीत ना, हे रोज पाहावे. माणसांची वेदनाशामक औषधे स्वतःच्या विचाराने कदापि देऊ नयेत.

नव्या उंदराचा परिचय

उंदीर हा कळपाने राहणारा प्राणी आहे. दोन माद्यांपैकी एक गाठीने मरण पावली की दुसरी एकाकी पडते, आणि मग नवी सोबतीण आणण्याचा प्रश्न उभा राहतो. नवा उंदीर आणताच जुन्याच्या पिंजऱ्यात सोडणे ही मोठी चूक होय. आपल्या जागेचे रक्षण करणे हा त्याचा स्वभावच आहे. यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. नव्या प्राण्यास किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे. शिंका, नाकाडोळ्यांभोवतीचा लालसर स्राव, उवा, खरूज यांकडे लक्ष द्यावे.

२. त्यानंतर पिंजरे जवळ ठेवावेत, परंतु एकमेकांना चावता येणार नाही एवढे अंतर राखावे. अंथरुणाची अदलाबदल करून परस्परांच्या वासाची सवय करावी.

३. पहिली भेट दोघांनाही अपरिचित अशा जागी, थोडा वेळच घडवावी. रिकामी न्हाणी किंवा जमिनीवर पसरलेली स्वच्छ चादर पुरते.

४. एकाने दुसऱ्यास उताणे पाडणे, किंचाळणे, बळेच अंग चाटणे हे श्रेष्ठत्व ठरविण्याचे नेहमीचे प्रकार आहेत. त्यांत हस्तक्षेप करू नये. मात्र अंगावरचे केस पिंजारून आडव्या अंगाने रेटणे, शेपूट वळवळविणे, रक्त निघेल असा चावा घेणे ही खऱ्या भांडणाची लक्षणे होत. अशा वेळी मध्ये हात न घालता जाड टॉवेल टाकावा किंवा पुठ्ठा सरकवावा.

५. अनेक भेटी शांततेने झाल्यावर पिंजरा धुऊन, आतील मांडणी बदलून, दोघांना एकाच वेळी आत सोडावे.

नर व मादी एकत्र ठेवू नयेत. पिल्ले पाच आठवड्यांची होताच त्यांनाही लिंगानुसार वेगळे करावे. गर्भधारणेचा काळ अवघा २१ ते २३ दिवसांचा असून एका वेतात आठ-दहा पिल्ले होतात. खच्चीकरण केलेला नर माद्यांत सोडण्यापूर्वी तीन-चार आठवडे थांबावे. शाळेत उंदीर पाळणाऱ्या शिक्षकांनी हे विशेषतः ध्यानात ठेवावे.

आरोग्य व ऋतू

जंगली उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा प्रसार होतो. विश्वामित्रीला २०१९ आणि २०२४ साली आलेल्या पुरांसारख्या प्रसंगी पाण्याबरोबर असे उंदीर वस्तीत शिरतात. तेव्हा पाळीव उंदरांचे पिंजरे उंचावर हलवावेत आणि त्यांचे अन्न झाकून ठेवावे. वैशाखातील उन्हाळा उंदरास सोसत नाही. पिंजरा सावलीत, हवेशीर जागी असावा. प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि चावा बसल्यास जखम धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

दोन-तीन वर्षांच्या आयुष्यात सहा महिन्यांचा विलंब हा थोडा नव्हे. मादी घरी आणली त्याच आठवड्यात तिचे वय नोंदवून पशुवैद्याचा सल्ला घ्यावा, म्हणजे पुढील वेदना आणि सोबतिणीचे एकटेपण ही दोन्ही टाळता येण्याजोगी आहेत.