फिनलंडिया विद्यापीठ : खाणकामगारांनी उभारलेल्या कॉलेजचा अस्त

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, सुपीरियर सरोवरात शिरलेल्या द्वीपकल्पावर हॅनकॉक हे छोटे शहर वसले आहे. तेथील तांब्याच्या खाणींत राबण्यासाठी एकोणिसाव्या शतकात फिनलंडमधून असंख्य कुटुंबे आली. ती बहुतांशी ल्यूथरन पंथाची होती. त्यांनी १८९० साली ‘सुओमी सिनड’ ही आपली धर्मसंस्था स्थापन केली आणि १८९६ साली रेव्हरंड निकँडर यांच्या पुढाकाराने सुओमी कॉलेज सुरू झाले. सुओमी म्हणजे फिनलंडचे फिन्निश भाषेतील नाव.

मंडळींसाठी पाळक घडवावेत आणि परक्या मुलुखात मुलांनी आपली भाषा व श्रद्धा गमावू नये, हा त्यामागील हेतू होता. परंतु ल्यूथरन परंपरेत पाचारण केवळ पाळकाला नसते. शेतकरी, शिक्षिका, कारागीर यांचे कामही देवाने सोपविलेलेच मानले जाते. म्हणूनच अशी कॉलेजे धर्मशिक्षणाबरोबर वाङ्मय, इतिहास, विज्ञान व कला शिकवीत आली. यालाच तेथे ‘लिबरल आर्ट्‌स’ म्हणतात. विद्यार्थी ल्यूथरनच असावा, अशी अट नसते. आम्हा कॅथोलिकांना आपल्या शाळा-कॉलेजांवरून हे सहज उमगावे.

१९५८ साली पाळकांचे प्रशिक्षण शिकागोजवळ गेले, कॉलेज मात्र हॅनकॉकलाच राहिले. २००० साली त्याने ‘फिनलंडिया विद्यापीठ’ हे नाव धारण केले.

लहान कॉलेज मुख्यतः शुल्कावर जगते. काही डझन विद्यार्थी घटले तरी त्याचा ताळेबंद कोलमडतो. २ मार्च २०२३ रोजी नवे प्रवेश बंद झाल्याची घोषणा झाली. शालेय शिक्षण पूर्ण करणाऱ्यांची घटती संख्या, उच्च शिक्षणाविषयीची ओसरती ओढ आणि न पेलणारे कर्ज ही कारणे सांगण्यात आली. विद्यार्थ्यांना शिक्षण पूर्ण करण्यासाठी इतर संस्थांकडे वळावे लागले. कर्जाचा भार वाढत असताना वेळीच सावध होणे शक्य होते का, हा प्रश्न आम्हाला पडतो.

सर्वच मात्र लोपले नाही. कॉलेजचे फिन्निश-अमेरिकन वारसा केंद्र व त्यातील दप्तरखाना ‘फिनलंडिया फाउंडेशन नॅशनल’ या संस्थेने २०२३ साली विकत घेतला. स्थलांतरितांच्या मंडळींची जुनी दप्तरे व वृत्तपत्रे तेथे जतन केलेली आहेत. विशेष म्हणजे ज्या वास्तूत हे केंद्र आहे, ती पूर्वी एक कॅथोलिक चर्च होती.