ईईजी ‘नॉर्मल’ आला म्हणजे काय?

ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) ‘नॉर्मल’ आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो: म्हणजे फिटचा आजार नाही. असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तपासणीचा आवाका तेवढा नाही. डोक्यावर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत एकेका पेशीचा संदेश पोहोचत नाही. असंख्य पेशी एका तालात काम करतात तेव्हाच त्यांचा क्षीण पडसाद कवटीतून बाहेर येतो, आणि तोही साधारण अर्धा तासच टिपला जातो. वेशीवर उभे राहून आठवडी बाजाराचा गलका ऐकावा, तसे हे आहे. आतल्या गल्लीतली बाचाबाची ऐकू आली नाही, म्हणून ती झालीच नाही असे ठरत नाही. अपस्मार (फिटचा आजार) असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा पहिला आलेख निर्दोष असू शकतो.

मग तपासणी करायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आजाराची खूण सापडली तर ती फार बोलकी असते, म्हणून. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ या गतीने अल्फा लहरी उमटतात. हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. अपस्मारात या संथ लयीतून एखादी स्पाइक (अणकुचीदार लहर) उसळते आणि ७० मिलिसेकंदांच्या आत संपते. मात्र पेंगताना उमटणाऱ्या काही टोकदार लहरी पूर्ण निरोगी असतात, आणि त्यांनाच आजार समजले तर नको ती औषधे सुरू होतात. त्यामुळे झटका पाहणाऱ्याचे नेमके वर्णन, किंवा मोबाइलवर घेतलेले चित्रण, डॉक्टरांना आलेखाइतकेच हवे असते.