टाचेमागील कंडरेची व्याधी आणि भाराची चिकित्सा

पोटरीचे स्नायू ज्या जाड कंडरेने टाचेच्या हाडास जोडलेले असतात, तिला अकिलीझची कंडरा म्हणतात. धावताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण पडतो. टाचेच्या थोड्या वर ती जाड होऊन सकाळच्या पहिल्या पावलास कळ येऊ लागली, की विश्रांती, दाहनाशक औषधे आणि अखेरीस शस्त्रक्रिया असा उपचारांचा क्रम पूर्वी ठरलेला असे. ‘टेंडनायटिस’ हे जुने नावच मुळी दाह गृहीत धरणारे होते.

या गृहीतास धक्का बसला तो स्वीडनमधील उमेओ येथील शल्यविशारद होकान आल्फ्रेडसन यांच्या कार्यामुळे. त्यांस स्वतःस ही व्याधी होती. कंडरा तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा विचाराने त्यांनी ती मुद्दाम ताणली आणि ती बरी होऊ लागली, असे सांगतात. १९९८ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ हौशी खेळाडूंवरील अनुभव प्रसिद्ध केला. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावयाचे आणि दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीखाली उतरवावयाची. वर येण्याचे काम मात्र दुसऱ्या पायाने करावयाचे. गुडघा सरळ ठेवून १५ वेळांच्या तीन फेऱ्या व वाकवून तितक्याच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. गुडघा वाकविला की पोटरीचा वरचा स्नायू सैल पडतो व भार खोलवरच्या सोलिअस स्नायूवर जातो. दुखले तरी थांबावयाचे नाही. दुखेनासे झाले की पाठीवरील पिशवीत वजन वाढवावयाचे. हे पंधराही जण पुन्हा धावू लागले. १९९९ साली याच गटास जुनाट दुखऱ्या कंडरेत प्रोस्टाग्लँडिन या दाहकारक द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

तथापि हा पुरावा जपूनच वाचावयास हवा. रुग्णांची वाटणी यदृच्छेने झालेली नव्हती आणि संख्याही अल्प होती. टाच उतरविण्याच्या क्रियेतच काही विशेष गुण आहे, हा समज तर पुढे बराच सैल झाला. २०१५ साली डेन्मार्कमध्ये ५८ रुग्णांवर झालेल्या तुलनेत आठवड्यातून तीनच वेळा, परंतु जड वजनाने व संथ गतीने, टाच वर उचलून खाली आणणाऱ्यांसही तितकाच गुण आला, आणि वेळ पुष्कळच कमी लागला. भार मिळणे महत्त्वाचे, त्याची दिशा नव्हे, असे यावरून म्हणावेसे वाटते. कंडरेची घडण त्या भाराने किती पालटते, हा प्रश्न मात्र वादग्रस्तच आहे. वेदना पुष्कळदा रचनेच्या आधी शमते.

वेदनेस मर्यादा असावी, हे २००७ सालच्या स्वीडिश अभ्यासाने सुचविले. दहापैकी पाचपर्यंतची वेदना चालवून घेऊन धावणे चालू ठेवणाऱ्यांचा आणि सहा आठवडे ते थांबविणाऱ्यांचा परिणाम सारखाच निघाला.

कंडरा हाडास जेथे चिकटते तेथेच दुखत असेल, तर गोष्ट निराळी. टाच पायरीखाली नेली की कंडरा हाडावर दाबली जाते. २००३ साली अशा रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश कंडरांसच मूळ व्यायामाने गुण आला. २००८ साली टाच जमिनीच्या पातळीवरच थांबवून पाहता हे प्रमाण सुमारे दोनतृतीयांश झाले.