ऐकण्याची तालीम

मुलाखतीचा शब्दन् शब्द कागदावर उतरवलेला असतो. मुलाचे नाव काढून टाकलेले असते. प्रशिक्षक अधिकाऱ्याच्या हाती पेन्सिल देऊन सांगतो, उत्तरे तूर्त बाजूला ठेवा, फक्त आपले प्रश्न तपासा. ‘काय झालं ते सगळं सांग’ हा मोकळा प्रश्न. ‘तो कुठे बसला होता?’ हा थेट प्रश्न, तोही मूल आधी बसण्याबद्दल बोलले असेल तरच चालणारा. ‘त्याने तुला हात लावला का?’ इथे मुलापुढे हो किंवा नाही एवढेच उरते. आणि ‘त्याने धमकी दिली असेल ना?’ हे तर अधिकाऱ्याने मुलाच्या तोंडी घातलेले वाक्य. प्रत्येक प्रश्नापुढे खूण करत पान संपते, तेव्हा वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसालाही कळते की त्या खोलीत बोलत होतो ते मुख्यतः आपणच.

मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या तपासात बहुतेक वेळा दुसरा साक्षीदार नसतो, शरीरावर खूणही नसते. मुलाचे बोलणे हाच पुरावा. तो बिघडला की खरा गुन्हेगार सुटतो किंवा निरपराध माणूस आयुष्यातून उठतो. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये सुरू झालेल्या मॅकमार्टिन बालवाडी प्रकरणात हे जगाने पाहिले. शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. ‘बाकीच्या मुलांनी सांगितलंय, आता तू सांग’ असा आग्रह झाला, हवे ते उत्तर आले की कौतुक झाले. अनेक वर्षे खटला चालला आणि १९९० मध्ये एकाही आरोपीला दोषी न ठरवता संपला. पुढे १९९८ मध्ये संशोधकांनी हीच तंत्रे लहान मुलांवर तपासली. वर्गात गोष्ट सांगून गेलेल्या पाहुण्याबद्दल त्यांनी न घडलेल्या गोष्टी विचारल्या. नुसत्या सुचवणाऱ्या प्रश्नांना मुलांनी १७ टक्के वेळा होकार दिला. आग्रह आणि शाबासकी जोडल्यावर ५८ टक्के वेळा. ही मुले खोटारडी नव्हती. मोठ्या माणसाला काय हवे आहे ते ओळखायला ती शिकलेली होती, आणि ते तर आपणच त्यांना शिकवतो.

या अनुभवातून ज्या पद्धती घडल्या त्यांत सर्वाधिक तपासली गेलेली पद्धत अमेरिकेच्या राष्ट्रीय बाल-आरोग्य संस्थेत, मायकेल लॅम्ब, कॅथलीन स्टर्नबर्ग, याएल ओर्बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात बांधली. तिला संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘एनआयसीएचडी प्रोटोकॉल’ म्हणतात. आधी मुलाला नियम सांगायचे: माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण, माझं चुकलं तर मला सांग, तिथे मी नव्हते म्हणून मला काहीच ठाऊक नाही. मग गुन्ह्याशी संबंध नसलेली एखादी गोष्ट, सण किंवा वाढदिवस, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावायची. वरवर हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण १९९७ मध्ये इस्रायलमध्ये झालेल्या अभ्यासात, असा सराव झालेल्या मुलांनी मुख्य घटनेबद्दलच्या पहिल्याच मोकळ्या प्रश्नाला इतरांच्या अडीचपट तपशील दिले. मग बाकीची मुलाखत मुलाच्याच शब्दांना धरून पुढे जाते: ‘तू म्हणालीस की दार बंद झालं. त्याबद्दल अजून सांग.’ चार वर्षांचे मूलसुद्धा अशा प्रश्नांना उत्तर देऊ शकते, हे प्रत्यक्ष तपासांतल्या मुलाखतींनी दाखवले आहे.

इस्रायलचे नाव या संशोधनात पुन्हा पुन्हा येते त्याला कारण आहे. तिथे १९५५च्या कायद्याने लैंगिक गुन्ह्यांच्या तपासात चौदा वर्षांखालील मुलांना प्रश्न विचारण्याचे काम खास बाल-तपासनिसांकडे दिले. गरज पडल्यास मुलाऐवजी तेच न्यायालयात साक्ष देतात. पुढे देशभर हा एकच प्रोटोकॉल लागू झाला.

पण या सगळ्या संशोधनातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग प्रशिक्षकांना न रुचणारा आहे. चार-पाच दिवसांच्या कार्यशाळेने ज्ञान वाढते, सवय बदलत नाही. मोकळा प्रश्न कसा असतो हे परीक्षेत अचूक लिहिणारी व्यक्ती मुलासमोर बसली की जुन्या वळणावर जाते. बदल दिसला तो, प्रत्येकाच्या मुलाखतीची ध्वनिफीत कोणीतरी नियमित ऐकून प्रश्नागणिक चूक दाखवत राहिले तेव्हा. हे थांबवल्यावर काय होते तेही लॅम्ब यांच्या गटाने २००२ मध्ये पाहिले. सहा महिन्यांतच प्रश्नांचा दर्जा घसरला. राग पुस्तकातून कळतो, पण गळ्यावर चढायला समोर बसून ऐकणारा गुरू लागतो. तसेच हे आहे.

आणखी एक निष्कर्ष मन अस्वस्थ करणारा. बोलायला कचरणाऱ्या मुलाला धीराची सर्वांत जास्त गरज असते, पण मुलाखतकार त्याच्याशीच अधिक कोरडे वागतात, असे २००६ मध्ये दिसले. उत्तर येत नाही म्हणून विचारणारा घायकुतीला येतो, आणि मूल अधिकच मिटते. म्हणून २०१४च्या सुधारित प्रोटोकॉलमध्ये धीर देण्याच्या वाक्यांना ठळक जागा मिळाली. मात्र धीर मुलाला द्यायचा, उत्तराला नाही. ‘तू प्रयत्न करतोयस, मी ऐकतेय’ चालते. ‘शाब्बास, हेच हवं होतं’ चालत नाही.

आपल्याकडे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो किमान उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. कलम २६ पालक किंवा विश्वासातली व्यक्ती सोबत ठेवायला आणि शक्य तिथे ध्वनिचित्रमुद्रण करायला सांगते. न्यायालयात वकिलाचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. जागा, कपडे, सोबत यांचा विचार कायद्याने बारकाईने केला आहे. प्रश्न कसा विचारावा याबद्दल केंद्राच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. पण सूचना वाचून हात वळत नाही, हे तर वर आलेच.

मराठी घरातले मूल हा पुन्हा वेगळा विचार आहे. मोठ्यांनी विचारले की उत्तर द्यायचेच, उलट बोलायचे नाही, हे त्याच्या अंगात मुरलेले असते. त्याला ‘माझं चुकलं तर सांग’ एकदा म्हणून पुरत नाही. मुद्दाम चूक करून पाहावी लागते. ‘तू पाच वर्षांचा ना?’ असे सात वर्षांच्या मुलाला विचारायचे, आणि त्याने दुरुस्त केले की आभार मानायचे. शिवाय आपल्याकडे शेजारी, दुकानदार, रिक्षावाला सगळेच काका असतात. जबाबात नुसते ‘काका’ लिहून मोकळे होणे, किंवा ‘म्हणजे बाबांचा भाऊ ना?’ असे स्वतःच ठरवणे, दोन्ही धोक्याचे. ‘त्या काकांबद्दल सांग’ म्हणावे आणि थांबावे.

असे प्रश्न नियमित तपासत राहण्यासाठी जिल्ह्यागणिक मोठी इमारत लागत नाही. जबाबाच्या मुद्रणातून मुलाची ओळख पुसून केवळ प्रश्न उतरवता येतील. जबाब घेणाऱ्या महिला उपनिरीक्षक, बालकल्याण समितीचे सदस्य आणि समुपदेशक यांनी महिन्यातून एकदा ते समोर ठेवून बसावे, जाणकाराने प्रत्येक प्रश्नापुढे खूण करावी. ही बैठक कामाच्या वेळेत व्हायला हवी, वरिष्ठांनी ती तपासाचाच भाग धरायला हवी, आणि वर्षभरानंतरही ती चालू राहायला हवी.