३१ मेनंतरचा पावसाळा

महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसं किती आहेत, हे ३१ मे रोजी कुठल्याही सरकारी कचेरीत डोकावलं की कळतं. पूर्वी शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला ठाऊक नसली की गुरुजी १ जून लावून मोकळे व्हायचे. नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ५८ वर्षं पुरी झालेले (चतुर्थश्रेणीत ६०) कितीतरी जण एकाच संध्याकाळी शाल-श्रीफळ घेऊन घरी जातात.

भोर तालुक्यात भाटघर धरणावर नोकरी झालेल्या माणसाला ही तारीख मोठ्या अडनिड्या वेळी गाठते. मेअखेर धरण तळाला गेलेलं असतं आणि आठ-दहा दिवसांवर मृग आलेला असतो. वेळवंडी नदीवरचं हे १९२८ सालचं धरण, जुनं नाव लॉइड धरण. साठा साडेतेवीस टीएमसीचा. ८१ दरवाजे, त्यांतले ४५ स्वयंचलित, पाणी ठरावीक पातळीला पोचलं की आपसूक उघडणारे. तरी ऑगस्टमध्ये रात्री कुणीतरी जागं लागतंच. पातळी बघायची, विसर्ग वरिष्ठांना कळवायचा, नीरेकाठच्या गावांना सावध करायचं. उभी हयात हे केलेल्या माणसाला निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात रात्री पत्र्यावरच्या आवाजानं जाग येते. हात फोनकडे जातो. फोन आलेला नसतो.

कागदांची तयारी खातं करून घेतं. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत दोन वर्षं आधीपासून सेवापुस्तक तपासायला घ्यायची तजवीज आहे, आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे जावं अशी अपेक्षा असते. उपदान, अंशराशीकरण, शिल्लक अर्जित रजेचे पैसे, वारसाचं नामनिर्देशन, जोडीदारासोबतचा फोटो, अशी सगळ्याची यादी असते. मनाच्या तयारीची यादी मात्र कुठल्याच परिपत्रकात नाही. ती आपली आपण करायची, आणि त्यासाठी पगाराखेरीज नोकरी आपल्याला काय काय देत होती हे आधी नीट मोजावं लागतं.

हे मोजायचं काम मारी याहोदा या समाजमानसशास्त्रज्ञ बाईंनी चांगलं करून ठेवलं आहे. व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाच्या गावात कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळा गाव बेकार झाला. याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथलं रोजचं जगणं बारकाईनं टिपलं, ते १९३३ मध्ये प्रसिद्ध झालं. वेळ भरपूर असूनही पुरुष काही करेनासे झाले होते. रस्त्यानं सावकाश चालायचे, पुन्हापुन्हा थांबायचे, दिवसभरात काय केलं ते त्यांना धड सांगता येत नव्हतं. बायकांची चाल मात्र तशी मंदावली नव्हती, कारण त्यांचं घरचं काम काही बंद पडलं नव्हतं. पुढे याहोदांनी नोकरीतून मिळणाऱ्या, पगारपत्रकात न दिसणाऱ्या पाच गोष्टी मांडल्या: दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चारचौघांबरोबर मिळून करायचं काही, समाजात एक ओळख आणि हातपाय हलवायची सक्ती. बेकारी आणि निवृत्ती एक नव्हे. निवृत्ताला पेन्शन असते आणि मानानं निरोप मिळालेला असतो. पण ३१ मेला या पाचही गोष्टी एकदम जातात, एवढं दोन्हीकडे सारखं आहे.

पहिली गोष्ट वेळेची. इथे भोर-वेल्ह्याकडच्या माणसाची एक फसगत होते. रॉबर्ट ॲचले या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात निवृत्तीचे टप्पे सांगितले होते. आधी नव्या नवलाईचा काळ, मग हिरमोड, मग नव्यानं घडी बसवणं, मग स्थैर्य. प्रत्येक जण याच क्रमानं जातो असं नाही. पण गावी भातखाचरं असलेल्या माणसाचा नवलाईचा काळ चांगला लांबतो, असा माझा अंदाज आहे. जूनमध्ये तरवे, मग चिखलणी, आवणी, मग गणपती, दसरा, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. पाच महिने माणूस म्हणत राहतो, ‘छे, मला कुठं काय वाटतंय, उलट बरं झालं सुटलो.’ भात कणगीत पडतं आणि मग नोव्हेंबरात एक दिवस सकाळी चहा पिऊन झाल्यावर पुढे काहीच नसतं. नेमकं त्याच महिन्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखलाही द्यायचा असतो! तेव्हा जूनमध्ये मन ठीक आहे यावर विसंबू नये. कस लागतो तो भातकापणीनंतर.

धरणावरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. साठा कितीही असला तरी आवर्तनं ठरवल्याशिवाय तो शेताला पोचत नाही. रब्बीला किती, उन्हाळ्याला किती, हे आधी बसून ठरतं. मोकळ्या वेळाचंही तसंच आहे. मात्र दिवसाचं तासवार वेळापत्रक करायच्या फंदात मी तरी पडणार नाही, ते आठवडाभरही टिकत नाही. आठवड्यात दोन-तीन ठिकाणं अशी हवीत, की आपण गेलो नाही तर कुणीतरी ‘आज का आला नाहीत?’ म्हणून विचारेल. गावची पाणीपुरवठा योजना, सोसायटी, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, शाळेतल्या पोरांचं गणित, काहीही चालेल. अट एकच, त्यात पाऊल नोकरीत असतानाच टाकलेलं हवं. निवृत्तीनंतर गेलं की ‘आता वेळ आहे म्हणून आले’ असं लोकांना वाटतं, आणि आपल्यालाही.

ओळखीचं दुखणं जास्त खोल असतं आणि ते कुणी बोलून दाखवत नाही. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंत्याला ‘रावसाहेब’ म्हणायची जुनी पद्धत. कालव्याला पाणी कधी सुटणार, हे विचारायला बागायतदार दारात उभे. खुर्चीवर दुसरे रावसाहेब आले की ही वर्दळ तिकडे वळते, यात कुणाचा कृतघ्नपणा नसतो. प्राथमिक शिक्षकाचं बरं असतं, गावात तो मरेपर्यंत गुरुजीच राहतो, कारण त्याचं नाव त्यानं शिकवलेल्या मुलांकडे असतं. यातून उपाय दिसतो. शेवटच्या वर्षात हाताखालच्या पोरांना आपल्याजवळचं शिकवावं. कुठला दरवाजा कुठे अडतो, कुठल्या ओढ्याला आधी लोंढा येतो, कुठल्या गावचा माणूस रात्री फोन उचलतो. हे सेवापुस्तकात नसतं आणि आपल्याबरोबर घरी नेऊन त्याचा उपयोगही नसतो. शिकवून ठेवलं तर पुढच्या पावसाळ्यात एखादा फोन विचारायला येईलही. न आला तर समजावं, नीट शिकवलं.

आता घर. नवरा निवृत्त होतो, बायको होत नाही. मारिएंथालमध्ये दिसलं तेच इथे दिसतं. तिचं घड्याळ चालूच असतं, आणि इतकी वर्षं दिवसा मोकळ्या असलेल्या तिच्या घरात आता एक माणूस बसलेला असतो, जो फडताळातल्या डब्यांची मांडणी सुधारायला निघतो. कचेरीतली हुकमत घरात आणू नये, एवढ्यानं भागत नाही. एखादं काम पुरतं आपल्या अंगावर घ्यावं. बाजार, दळण, दवाखान्याच्या फेऱ्या, जे असेल ते, पण विचारत न बसता. बायको नोकरीत असेल तर उलटं होतं. तिच्या निवृत्तीची वाट घरातले सगळे बघत असतात, कारण नातवंडं सांभाळायला कुणीतरी हवं असतं. तिला स्वतःला काय हवं आहे, हे तिनंच निरोप समारंभाआधी मोठ्यानं सांगून ठेवावं.

राहण्याचा प्रश्न याच सुमारास येतो. धरणावरचं सरकारी घर सोडावं लागतं, मुलगा कात्रज-धनकवडीला असतो, हातात उपदानाची रक्कम असते. ‘गाव सोडा, इकडेच या’ हे प्रेमानंच म्हटलं जातं. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मध्ये गणपतराव बेलवलकर निवृत्त होताच सगळं मुलांना वाटून टाकतात, आणि पुढचं नाटक त्यातूनच घडतं. मुलं वाईट असतातच असं नाही. पण पहिल्या वर्षी मन जागेवर नसतं, म्हणून घर विकणं, मोठी रक्कम गुंतवणं किंवा कायमचं गाव सोडणं हे निर्णय त्या वर्षात घेऊच नयेत. पुण्याला दोन महिने राहून बघायला कुणाची हरकत नाही.

थोडी उदासी येणारच. मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, जेवण नको झालं, कशातच गोडी राहिली नाही, किंवा संध्याकाळचा पेला दुपारी सरकू लागला, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

या सगळ्याची रंगीत तालीम करता येते, आणि ती फारसं कुणी करत नाही. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंतच साठते, वरची बुडते. जुन्या कर्मचाऱ्यांची अशी कितीतरी रजा दरवर्षी वाया जाते. निवृत्तीच्या आधीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात, भात घरात आल्यावर, त्यातले पंधरा दिवस घ्यावेत. पावसाळ्यात धरणावर रजा मिळत नाही आणि मार्चअखेर कुठल्याच कचेरीत मिळत नाही. या पंधरा दिवसांत देवदर्शनाला जायचं नाही, लग्नं गाठायची नाहीत, कचेरीत फोन करायचा नाही. घरी राहायचं आणि रोज रात्री वहीत दोन ओळी लिहायच्या: आज कुणाकुणाशी बोललो, आणि कुठल्या वेळी दिवस अंगावर आला. पहिला आठवडा सुटीसारखा जातो, त्यातून काही कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र ती वेळ रोज एकच निघते, बहुतेक अकराच्या सुमाराची किंवा दिवेलागणीची. ती सापडली की तिथे काय ठेवायचं हे बायकोशी बोलून ठरवायला मेअखेरपर्यंत पाच-सहा महिने हातात असतात.