वाफसा गेला की विषही जिरत नाही

वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतून कृष्णेच्या कडेने निघाले की उसाच्या हिरव्यागार पट्ट्यात मध्येच टक्कल पडल्यासारखी राने दिसतात. उन्हाळ्यात त्यांच्यावर पांढरा थर चढतो. ‘रानाला मीठ फुटलंय,’ असे म्हणून माणसे पुढे जातात. सातारा जिल्ह्यात कऱ्हाड, फलटणकडेही हे दुखणे आहे. सरकारी कागदात या जमिनीला क्षारपड म्हणतात. जुनी माणसे पाणी साचून राहणाऱ्या रानाला चिबड आणि वाळल्यावर दगडासारख्या होणाऱ्या रानाला चोपण म्हणत.

हे मीठ कुणी आणून टाकलेले नाही. ते मातीतलेच आहे, खतांतून आणि पाण्यातून त्यात भर पडते. १९६० नंतरच्या दशकांत कोयनेचे पाणी आले, पुढे सहकारी उपसा योजना झाल्या आणि पाणी द्याल तेवढा ऊस असे गणित होऊन बसले. काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते, खाली लवकर सोडत नाही. खालचे पाणी हळूहळू वर चढते, उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे राहतात. मिठागरात मीठ पिकते ते याच रीतीने. इराकमधल्या नद्यांच्या काठी हजारो वर्षांपूर्वी हेच झाले होते, तेव्हा आपलाच शेतकरी वेडा असे समजायचे कारण नाही.

उत्पन्न बुडते हे सगळ्यांना दिसते. पण या रानात आणखी एक गोष्ट बिघडते, तिची चर्चा होत नाही. मातीला पोट असते. आपण तिच्यात टाकलेली औषधे, म्हणजे खरे तर विषे, ती पचवत असते. चमचाभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. शेणखत, पालापाचोळा हे त्यांचे अन्न. हे खाता खाता ते तणनाशकाचे आणि कीटकनाशकाचेही तुकडे करतात. मात्र त्यांतल्या बहुतेकांना ओलही लागते आणि हवाही लागते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर त्यांना वाफसा लागतो. चिबड रानात पाण्याने हवेची जागा घेतलेली असते. चोपण रानात मातीचे कण घट्ट बसलेले असतात. वर पाचट पेटवून दिलेले, शेणखत कित्येक वर्षांत पडलेले नाही. मग जिवाणूंनी जगावे कशावर?

उसात मारले जाणारे टू-फोर-डी हे तणनाशक जिवंत मातीत साधारण आठ-दहा दिवसांत निम्मे होते. ॲट्राझिनला निम्मे व्हायला दोन-दोन महिनेही लागतात. निम्मे म्हणजे संपले नव्हे, उरलेल्याचे निम्मे व्हायला पुन्हा तेवढेच दिवस. रान बिघडले की बहुतेक औषधांचे हे दिवस लांबतात.

काही औषधे तुटतात, पण तुटलेला तुकडाही विषारीच असतो. हुमणीसाठी उसाच्या बुडात टाकायचे दाणेदार फोरेट, ज्याला गावोगाव थायमेट म्हणत, ते या जातीचे. त्याचे मातीत जे रूपांतर होते तेही विषच. २०१८ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने ते ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी आणली. कोणाच्या गोठ्यात जुना डबा पडून असेल तर तो वापरू नये, ओढ्यात तर मुळीच ओतू नये.

आणि मोरचूद तर तुटतच नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण मारतात. त्यातले तांबे हा धातू आहे, त्याला कोणता जिवाणू खाणार? ते वरच्या थरात साठत जाते. हे मिश्रण १८८५ च्या सुमारास फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांत पुढे आले. आज युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबे टाकता येत नाही.

२०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडकली, कारण त्यांत वाढ रोखणाऱ्या एका रसायनाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला. निर्यातीच्या बागेतील घडांची प्रयोगशाळेत तपासणी होते. ती व्हायलाच हवी. पण परदेशातल्या मुलाच्या तोंडी जाणारा मणी तपासला जातो आणि त्याच बागेत अनवाणी उभ्या असलेल्या बाईच्या पायाखालची माती कोणी तपासत नाही, हे आम्हांला खटकते.

त्या बाया बहुतेक आपल्याच वस्तीतल्या असतात. भांगलण, विरळणी, डिपिंग, सारे हाताचे काम. पंप पाठीवर घेणारी पोरेही आपलीच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली, त्यांत मजूर होते. म्हणून मायबहिणींना सांगणे की फवारलेल्या रानात त्याच दिवशी भांगलायला जाऊ नका, मालकाला कोणते औषध कधी मारले ते विचारा. डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. रानातले कपडे लेकरांच्या कपड्यांत भिजवू नका. रिकामा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला घेऊ नका.

आपल्यापैकी काहींना स्वतःची जमीनही आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. रक्कम भरून ज्यांनी जमिनी नावावर करून घेतल्या, त्यांच्या वाटण्या होत होत आज कुणाकडे दहा गुंठे, कुणाकडे वीस. हा तुकडा मिठाला देऊन टाकू नये. माती परीक्षणाच्या कागदावर सामू साडेआठच्या वर असेल तर चोपणाची शंका घ्यावी, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली असेल तर मातीचे पोट रिकामे आहे असे समजावे. ढैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडणे गरिबालाही जमते. जिप्सम किती टाकायचे ते परीक्षणावरून ठरते. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात याचा सल्ला मिळतो. पण पाण्याला वाट नसेल तर जिप्समचाही उपयोग होत नाही, कारण सुटे झालेले क्षार वाहून जायला हवेत.

ती वाट म्हणजे जमिनीखाली घातलेले सच्छिद्र पाईप. हे काम एकट्याचे नाही. वरच्याचे पाणी खालच्याच्या रानातून जाते. सगळ्या शिवाराचा मिळून आराखडा होतो, तेव्हा दहा गुंठेवाल्याचे नावही अर्जात पहिल्यापासून असले पाहिजे. आणि चराचे तोंड कोठे काढणार हे सही करण्याआधी जाऊन पाहावे. ते पाणी क्षारांचे आणि औषधांचे असते. ते ज्या ओढ्याला सोडतात, त्याच्याच काठाला बऱ्याच गावांत आपली वस्ती आहे आणि वस्तीचा हातपंपही तिथेच आहे.