मतदारयादीत स्वतःचे नाव

स्वतंत्र भारतातील पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ सालच्या ऑक्टोबरात सुरू झाली, तेव्हा मतदारयादीत सुमारे १७ कोटी ३० लक्ष नावे होती. परंतु त्याच यादीतून सुमारे २८ लक्ष स्त्रियांना वगळावे लागले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. त्यांच्यापाशी जमीन नव्हती म्हणून नव्हे, त्या निरक्षर होत्या म्हणूनही नव्हे. नावे टिपावयास आलेल्या माणसास त्यांच्या घरून 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगण्यात आले होते. श्रोतेहो, याचे मर्म कळण्यास थोडे मागे गेले पाहिजे.

१९१७ सालच्या डिसेंबरात सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे एक शिष्टमंडळ मद्रासेस भारतमंत्री माँटेग्यू यांना भेटले आणि त्याने मताधिकार मागितला. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साऊथबरो समितीने मात्र, देशाची सामाजिक स्थिती पाहता हे अकाली होईल, असा निर्वाळा दिला. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आपली कन्या मिठन हिला घेऊन १९१९ साली लंडनला गेल्या व तेथे त्यांनी हा प्रश्न लावून धरला. पार्लमेंटने 'नाही' म्हटले नाही आणि 'होय'ही म्हटले नाही. निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोपविला! मद्रास आणि मुंबई या दोन्ही प्रांतांनी १९२१ साली स्त्रियांना मत दिले. पण कोणत्या स्त्रियांना? ज्यांच्या नावावर शेतसारा, घर किंवा प्राप्तिकर असेल त्यांना. त्या काळी स्वतःच्या नावाचा सातबारा असणाऱ्या स्त्रिया कितीशा असणार?

हीच चाळणी पुरुषांनाही लागू होती. शेतमजूर, गिरणीकामगार, अस्पृश्य हे बहुतेक सारे तिच्यातून खाली पडत. डॉ. आंबेडकरांनी १९१९ साली साऊथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे तर प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत द्या, अशी मागणी केली. त्यांचा युक्तिवाद मला आजही सर्वांत मार्मिक वाटतो. मत म्हणजे शहाण्यास दिलेले बक्षीस नव्हे. एकत्र राहण्याच्या अटी ठरविण्याचा तो अधिकार आहे. म्हणून ज्याच्यावर दुसऱ्यांच्या अटी लादल्या जाण्याचे भय अधिक, त्या दुर्बळालाच त्याची गरज अधिक.

१९३५ च्या कायद्याने दार थोडे रुंद झाले. १९३७ च्या निवडणुकीत सुमारे तीन कोटी मतदार होते, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोकसंख्येच्या एकदशांशाहून किंचित अधिक. स्त्रियांची संख्या वाढविण्यासाठी युक्ती अशी काढली, की लिहितावाचता येणारी स्त्री आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या पुरुषाची पत्नी यांनाही मत द्यावे. अखिल भारतीय महिला परिषदेस पत्नीपणावर टांगलेला हा हक्क मुळीच रुचला नव्हता. पतीचे शेत हीच पत्नीची पात्रता ठरली!

संविधानाचे ३२६वे कलम १९५० साली अमलात आले आणि २१ वर्षांच्या प्रत्येक नागरिकास मत मिळाले. (१९८९ साली ही मर्यादा १८ वर आली.) आता ना शेतसारा, ना साक्षरता, ना पती. मात्र यादीत स्वतःचे नाव हवे. आपल्याकडे पतीचे नाव उखाण्यातून का होईना, पण घेतात. उत्तरेकडील कित्येक घरांत स्त्रीने स्वतःचेच नाव परक्यापुढे उच्चारू नये, अशी चाल होती. जी ओळख १९३५ साली पात्रता ठरली होती, तीच आता अडसर झाली.

निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी निश्चून सांगितले, की नावाशिवाय नोंद नाही. बिहारात नावे दुरुस्त करण्यास एक महिन्याची मुदत वाढवून दिली, तिचा चांगला उपयोग झाला. राजस्थानातही तशीच मुदत दिली. तेथे फारसे कोणी पुढे आले नाही.